पाच मिनिटं गप बसा

बेळगावकडच्या खानापुरातल्या एका दवाखान्यात मी बारा वर्षं सिस्टर आहे. पेशंटला आधी पाच मिनिटं निवांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, बोलणं बंद, मगच बीपी घ्यायचं, हे नव्या पोरींकडून मी घोकून घेते. आणि स्वतः? सोमवारच्या गर्दीत कोण पाच मिनिटं देतंय!

त्या सोमवारी कणकुंबीकडची एक आज्जी आली. जून २०२३ पासून आमच्या कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झालीय, तेव्हापासून जंगल भागातल्या म्हाताऱ्या एकट्याच येतात, खरं उभ्यानं. मी तिला उंच स्टुलावर चढवलं, स्वेटरवरूनच पट्टा गुंडाळला आणि तो फुगतोय तोवर गोळ्या चुकल्या काय, मीठ कमी केलंय काय, हेही विचारून घेतलं. १७२/९८.

डॉक्टरांनी गोळी वाढवायला पेन टेकवलं. "बसवून घेतलीस?" मी नुसतीच फाइल सरळ केली.

आज्जीला बाकावर आणलं, स्वेटर काढायला लावला, घड्याळ बघून शेजारी बसले. उठले असते तर परत टोकनांत अडकले असते. आज्जी म्हणाली, "बाय, धापा तूच टाकुलीस, माझं काय मोजतीस?"

मागं एका ट्रेनिंगमध्ये माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडं नुसतं लक्ष देत राहणं, हे ऐकलं होतं. १९७९ साली अमेरिकेत जॉन कॅबट-झिन यांनी सुरू केलेला आठ आठवड्यांचा कोर्स. आठ आठवडे! मला चाळीस सेकंदांतच वाटलं, झाली असतील पाच मिनिटं.

दात आवळलेले होते. चपलेत पायाची बोटं आखडलेली, पळायच्या तयारीत. सैल सोडली, आपोआप पुन्हा आखडली. पुन्हा सोडली. आज्जीच्या छत्रीतून फरशीवर थेंब पडत होते. आधी दोन थेंबांत एक श्वास संपायचा, मग तीन लागायला लागले. मन मध्येच ड्रेसिंगच्या ट्रेकडं पळायचं. पळालं हे कळलं की थेंब परत ऐकू यायचा.

१३८/८४. गोळी वाढली नाही. स्वेटर, लोंबते पाय, बडबड, बसमधले हाल, कशानं किती चढलं होतं देव जाणे. खरं जादाच्या गोळीनं ती न्हाणीत भोवळ येऊन पडली असती तर? त्या रात्री मला हेच दिसत राहिलं.

आज्जीची गाडी चुकली ती चुकलीच. पुढची येईपर्यंत ती बाकावरच होती आणि येईल त्याला दटावत होती, "गप बसा. पाय खाली टेका."