पो नदीच्या बांधावर

जुलै 2022 चा शेवटचा आठवडा. व्हेनिसहून फ्लॉरेन्सला चाललो होतो. पुढे अपघात झाल्याने हायवे तुंबला, म्हणून ड्रायव्हरने बस ओक्कियोबेल्लो या गावाशी बाहेर काढली. टूर मॅनेजरच्या पोटात गोळा यायला एवढं पुरतं! त्यात पुलाअलीकडे गवताळ बांध दिसताच पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सांगलीचे काका म्हणाले, "अहो, थांबवा जरा. बघूनच जाऊ."

वर चढलो. मागे घरांची कौलं जवळजवळ पायांच्या पातळीला, समोर पो. फ्रान्सच्या हद्दीजवळ मोनविझो पर्वताच्या कुशीत उगम, मग तुरीन, पिआचेन्झा, क्रेमोना करत 652 किलोमीटरवर एड्रियाटिक समुद्र. इथे सरासरी सेकंदाला 1500 घनमीटर पाणी वाहतं. त्या आठवड्यात त्याचा दहावा हिस्साही नव्हता. झाडीपलीकडे नुसती वाळू. हिवाळ्यात आल्प्सवर बर्फच जेमतेम पडलं, तर तिचीनो, अद्दा या उपनद्या उन्हाळ्यात आणणार काय? दक्षिणेकडच्या अपेनाइन्स डोंगररांगेतून येणाऱ्या नद्या तर एरवीही या दिवसांत आटतातच.

काकांचं लक्ष मात्र घरांकडे. "आपल्याकडे गाव वर, नदी खाली. इथं उलटंच! बांध फुटला तर पाणी परत नदीत जायचं कसं?"

मी ड्रायव्हरला विचारलं. तो याच भागातला. म्हणाला, "गेलंच नाही." 14 नोव्हेंबर 1951 ला इथेच बांध फुटले. दक्षिणेला पो, उत्तरेला आदिजे, दोन्हींना उंच बांध; मधला पोलेझिने हा सखल प्रदेश परातीसारखा भरला. शंभराच्या आसपास माणसं गेली, पावणेदोन लाखांवर बेघर झाली. पाणी उपसून काढायला कित्येक महिने लागले. त्याची आजी तेव्हा तुरीनला गेली, ती तिकडचीच झाली.

"बांधामुळे गाळ पात्रातच साठणार," काका म्हणाले, "म्हणून बांध आणखी उंच करायचा. बाहेरची दलदल उपसून शेती केली, ती जमीन खचणार. कृष्णेला भिंती घाला म्हणणाऱ्यांना इथं आणा एकदा."

खाली डेल्टात तर मिथेन काढण्यासाठी जमिनीतलं पाणी उपसलं आणि ती काही मीटर खचली. 1960च्या दशकात ते बंद झालं. शेतं कोरडी ठेवायला पंप अजून चालूच. हे सांगितल्यावर काकांनी कपाळालाच हात लावला.

फ्लॉरेन्सला पोचेस्तोवर चार वाजले. चामड्याच्या बाजारातला वेळ कापला गेला म्हणून दोन मावश्या काकांशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलल्या नाहीत.