पाला माजला, बटाटा फसला

आमच्या सातगाव पठारावर (तालुका आंबेगाव) खरिपाचा बटाटा हेच वर्षाचं पीक. जूनमध्ये पाऊस लागला की लागण, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. बेणं पंजाबातून मंचरला येतं आणि तिथून आमच्या ओसरीवर. पुढचं सगळं पावसाच्या आणि खताच्या हाती.

तीन वर्षांपूर्वी खतात मी जी चूक केली ती नीट लिहून ठेवते. त्या साली दोन म्हशी विकलेल्या, उकिरडा निम्म्यावर आलेला. शेणखताची कसर युरियाने काढू म्हटलं. लागणीला मिश्रखत, भर लावताना (झाडाच्या बुडाशी माती चढवताना) युरिया, इथवर ठीक होतं. पण पीक दोन महिन्यांचं झालं, पाऊसही मनासारखा होता, म्हणून मी आणखी एकदा युरिया फेकला. आठ दिवसांत वावर काळंभोर झालं. येणारे-जाणारे बांधावर थांबून बघायचे. सासरे, म्हणजे आमचे आबा, तेवढे गप्प. एकदा म्हणाले, "पोरी, बटाटा जमिनीखाली येतो. पाल्याला भुलू नको."

काढणीला पिशव्या काही फार कमी भरल्या नाहीत. पण साल इतकी कोवळी की अंगठ्याने चोळली तरी सुटायची. मोठा बटाटा चिरला की मधोमध पोकळी आणि तिच्या कडा तपकिरी. वेफर्सवाल्यांशी करार होता, तिथून गाडी परत आली. शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी सोडून बटाट्यात जे उरतं ते, कमी भरला होता. त्यांना तो साधारण २० टक्क्यांच्या वर लागतो. मी घरी काप तळून पाहिले. कढईतच काळपट पडले.

नत्र, म्हणजे युरियातला नायट्रोजन, जादा आणि उशिरा मिळालं की झाड पानंच काढत राहतं. पानांनी केलेली साखर खाली उतरून गड्ड्यात पिष्ट (स्टार्च) व्हायला हवी, ती पाल्यावरच खर्ची पडते. पीक पक्व व्हायला लांबतं. अशा कच्च्या गड्ड्यात पाणी जास्त, पिष्ट कमी, आणि पिष्ट न झालेली साखर तळताना करपते.

पुढच्या साली मी दुसऱ्या टोकाला गेले. वरच्या तुकड्यात नुसतं शेणखत, विकत आणून घातलं. बटाटा चवीला झकास, उकडला की फुटून पिठूळ व्हायचा. पण बारीक! हिशेब केला तेव्हा उमगलं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलोच्या वर, आणि ते पिकाला लगेच लागू पडतं. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, टनाला पाच किलो. तेही पहिल्या वर्षी सगळं सुटत नाही. बटाटा तर तीन-साडेतीन महिन्यांचा. महिना-सव्वा महिन्यात गड्डे धरायला लागतात, त्याची भूक तेव्हाची. त्यात विकतचं खत अर्धवट कुजलेलं निघालं. त्यातून हुमणी अळी आली, तिने गड्डे पोखरले.

तरीही त्या तुकड्याने मला शेणखताशी कायमचं बांधलं. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली तेव्हा खालच्या वावरातली पानं दुपारी माना टाकायची, वरच्यात मात्र माती मुठीत दाबली तर ढेकूळ व्हायचं.

आता उन्हाळ्यात उकिरडा दोनदा उलथतो. खत काळं, भुसभुशीत, वास गेलेलं झालं की मगच कुळवाच्या शेवटच्या पाळीआधी रानात. युरिया लागणीला आणि भरीला, त्यानंतर दाणासुद्धा नाही. पालाशसाठी (पोटॅशसाठी) म्युरेट ऑफ पोटॅश सोडून सल्फेट ऑफ पोटॅश घेते, कारण म्युरेटमधल्या क्लोराइडने शुष्क पदार्थ घटतो. सल्फेट महाग पडतं, पण तिथे मी हात आखडत नाही.

आणि काढणीआधी एक बादली. अकरा वाट्या पाणी, एक वाटी मीठ. पिठूळ बटाटा बुडतो, पाणचट तरंगतो. गेल्या ऑक्टोबरात वेगवेगळ्या सऱ्यांमधले पाच टाकले. चार तळाला गेले. पाचवा आबांनी उचलला, धोतराला पुसला आणि विचारलं, "हा कुठल्या सरीतला?"

खालच्या बांधाकडेचा. भर लावताना युरियाची गोणी तिथेच फाटली होती.