वर्गाच्या दारात

जुलैत टर्म संपायला आठवडा उरला होता, तेव्हा मला इयर हेडच्या, म्हणजे त्या इयत्तेच्या प्रमुख बाईंच्या खोलीत बोलावणं आलं. कारण, मी वर्गात कोकणीत बोलले होते.

शुक्रवारचा शेवटचा तास, इयर एट, म्हणजे आपली सातवी. फळ्यावर कंस सोडवायची गणितं. मी शिकवते त्या इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये गोंयकार किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. त्या वर्गात तीन मुलं गोव्याची, त्यातला एक सासष्टीचा. तिथे मुलं गणिताचा कागद वहीत चिकटवतात, म्हणून प्रत्येक टेबलावर गोंदाची कांडी असते. ह्या सासष्टीच्या मुलाने तिचं टोपण काढून पुढच्या मुलीच्या केसांत टाकलं. मी दोनदा इंग्रजीत सांगितलं. तो उठून उभा राहिला आणि हसायला लागला. तिसऱ्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, “ओगी राव आनी सकयल बस!” गप्प राहा आणि खाली बस.

तो बसला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. वर्ग चिडीचूप. उरलेल्या वीस मिनिटांत जेवढी गणितं झाली तेवढी त्या वर्गात वर्षभरात झाली नव्हती.

सोमवारी इयर हेडनी चहाचा कप पुढे ठेवला आणि शांतपणे सांगितलं की दोन मुलींनी घरी जाऊन तक्रार केली, बाई काय म्हणाल्या ते कळलं नाही म्हणून भीती वाटली. मुलाला रागवायचं तर सगळ्या वर्गाला कळेल असं रागवावं, नाहीतर तोच सगळ्यांत वेगळा पडतो. मी म्हटलं, त्याच्या आजीने हेच आणि असंच सांगितलं असतं. त्या म्हणाल्या, “पण तुम्ही त्याची आजी नाही.”

ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि दोन दिवस जेवणावर बसल्यावरही तेच डोक्यात. आमच्याकडे बाई म्हणजे थोडीशी आजी असतेच की. गोव्यात डिचोलीच्या शाळेत मी अकरा वर्षं गणित शिकवलं. वर्गात पाऊल टाकलं की अख्खा वर्ग उभा. कोणी फारच त्रास दिला तर बुधवारच्या बाजारात त्याची आई भेटायचीच. भेंडी निवडता निवडता विषय निघायचा आणि गुरुवारी मुलगा सरळ. त्यासाठी कुठलाही फॉर्म भरावा लागला नाही.

तिथे मात्र सगळं भरावं लागतं, आणि ह्याच गोष्टीचा मला मनापासून राग आहे. माझ्या शाळेत पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा जागा बदल, तिसऱ्यांदा वर्गाबाहेर दुसऱ्या शिक्षकाकडे. प्रत्येक पायरीची संगणकात नोंद: वेळ, प्रकार, तुम्ही काय केलं, मुलाने काय उत्तर दिलं. मूल घरी पोचायच्या आत पालकांच्या फोनवर निरोप गेलेला असतो. पाच तास शिकवून झाल्यावर मी पाऊणपाऊण तास बसून टोपण, खोडरबर, उलट उत्तर, पुन्हा टोपण असं टंकत राहते. त्या वेळात दोन आयांशी फोनवर नीट बोलणं झालं असतं. आई तो निरोप वाचते, चिडते, पण बाईला मुलाविषयी काय वाटतं ते तिला त्यातून कळत नाही. बाजारात तिला माझा चेहरा दिसायचा.

आणि कृपा करून कोणी असं समजू नये की तिकडचे लोक पहिल्यापासून शहाणे आणि आपण छड्या मारणारे. इंग्लंडच्या सरकारी शाळांत छडी कायद्याने बंद झाली 1987 साली, खाजगी शाळांत तर 1999 मध्ये. आपला शिक्षणहक्काचा कायदा 2010 पासून लागू आहे आणि त्याच्या 17 व्या कलमात नुसत्या मारण्यालाच नव्हे, मानसिक छळालाही बंदी आहे. मी स्वतः एकाही मुलावर कधी हात उचललेला नाही.

तरीही एक गोष्ट मी तिथेच शिकले, आणि ती शिकायला मला जवळजवळ वर्ष लागलं. तास सुरू व्हायच्या आधी शिक्षकाने दारात उभं राहायचं. एक पाय वर्गात, एक कॉरिडॉरमध्ये. येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारायची, डोळ्यांत बघायचं. कोणाचा चेहरा उतरलाय, कोण भांडून आलंय, कोणाच्या खांद्यावर दप्तर नाही, हे तिथेच कळतं. जो भांडून आला त्याला खिडकीजवळ बसवायचं, प्रकरण पेटायच्या आधी. फळ्यावर पहिलं गणित लिहिलेलं असतंच, त्यामुळे बसल्यावर रिकामा वेळ नाही. जेकब कौनिन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1970 च्या सुमारास हेच मांडलं होतं: चांगला आणि वाईट शिक्षक ह्यांतला फरक रागावण्याच्या पद्धतीत फारसा दिसत नाही, तो दिसतो आधी केलेल्या तयारीत आणि चारी बाजूंनी असलेल्या लक्षात.

प्रश्न विचारल्यावर थांबणं हेही तसंच. मेरी बड रो ह्या बाईंनी वर्गावर्गांत वेळ मोजून दाखवला होता की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मी डिचोलीत एक सेकंदही थांबत नव्हते. हात वर करणारी चार मुलं ठरलेली, पोर्शन पुरा करायची घाई.

आणि मागच्या बाकावरचा तो. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, त्यानंतरच्या वर्षाची गोष्ट. त्याच्या वडिलांचा ट्रक दारात उभा, बँकेचे हप्ते चालू. तो सातवीत, तासभर बडबड करायचा, आणि मी त्याला बाहेर उभं करायची. आठवड्यातून दोनदा तरी. त्रेचाळीस मुलं होती वर्गात, मी एकटी, दुसरं काय करणार होते? त्याला मारलं नाही, ओरडले नाही, फक्त बाहेर उभं केलं. तो पडवीच्या खांबाला टेकून माळावरची गुरं बघत राहायचा. आज शाळा नको वाटते का रे, एवढंही मी त्याला कधी विचारलं नाही.

यंदा चवथ ऑगस्टात आली, शाळा सप्टेंबरात उघडणार, म्हणून घरी यायला मिळालं. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी जुन्या शाळेत नेवऱ्यांचा डबा घेऊन गेले. सातवीच्या बाई आजारी, तास मोकळा होता. मैत्रीण म्हणाली, जा, घे गणित.

मी वर्गात गेले नाही. मुलांना बाहेर यायला सांगितलं, रांग केली आणि दारात उभी राहिले, एक पाय आत, एक पडवीत. नावं माहीत नव्हती म्हणून एकेकाला विचारून आत सोडत होते. रांगेत कुजबुज सुरू झाली. सगळ्यांत शेवटचा मुलगा खांबाजवळ थांबला होता, पुढे यायला तयार नव्हता. मान खाली घालून म्हणाला, “बाई, आमी कितें केलें?”

मी त्याच्याजवळ गेले आणि त्याचं नाव विचारलं.