आधी भिजवा, मग कापा

आषाढ वद्य त्रयोदशीला संत नामदेवांची पुण्यतिथी आणि तिला लागून येणाऱ्या रविवारी सांगलीतल्या आपल्या शिंपीकाम करणाऱ्यांच्या मंडळाचा मेळावा. दीपप्रज्वलन, अहवाल, हिशेब, गुणवंत मुलांचा सत्कार हे सगळं रीतीप्रमाणे होतं. पण शाळेच्या हॉलमधल्या व्यासपीठावर कटिंगचं टेबल चढतं तेव्हाच मेळाव्यात जीव येतो. मंडळातले एक ज्येष्ठ कारागीर १९७० च्या दशकातला एखादा कपडा सगळ्यांसमोर बेततात. हातात खडू, टेप आणि कातर, आणि तोंडाने सांगणं चालू. या भाषणासारखं दुसरं भाषण नाही.

मानाचं पान अर्थातच बेलबॉटमचं. कंबर, सीट, मांडी नेहमीसारखी. गुडघा १८ इंच आणि तळाचा घेर २४ ते २६. घेर गुडघ्यापासून किंवा फार तर त्याच्या दोन इंच वरून सोडायचा. त्याहून वर सोडला की पँटचा पायजमा होतो. उंचीचं माप बूट घालूनच घ्यायचं, कारण त्या वेळच्या उंच टाचांच्या बुटांवर अनवाणी घेतलेलं माप इंच-दीड इंच तोकडं पडायचं. तळ सरळ कापायचा नाही. पुढे अर्धा इंच वर, मागे अर्धा इंच खाली. दुमडीची माया, म्हणजे आत वळवायला सोडलेलं जादा कापड, घेराच्याच रेषेत खाली रुंद करत नेली, तर आत वळवल्यावर चुण्या पडतात. म्हणून दुमडीच्या खुणेखाली कातर पुन्हा आत वळवायची. ५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड दुहेरी घातलं की २९ इंच उरतात. २६ च्या तळाला शिवणीची माया धरून पुढचा भाग १४ आणि मागचा १६, म्हणजे ३०. तो एक इंच आणायचा कुठून? एक भाग डोक्याकडून, दुसरा पायाकडून मांडायचा. पण कापडाला दिशा असेल तर उलट्या मांडणीत छटा बदलते, तिथे जास्तीचं कापडच मागवायचं. रस्त्यावर घासून मागची कड फाटू नये म्हणून तिला आतून चेनची पट्टी लावायचे. ती पट्टी दाखवली की मागच्या रांगेतले म्हातारे हमखास टाळ्या वाजवतात.

त्या दशकाचा मोठा धडा टेरिकॉटचा. त्यातलं नेहमीचं मिश्रण म्हणजे ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत. हे कापड धुतल्यावर फारसं आटत नाही, पण त्याच्या पोटात आपण घालतो ते सुती सामान आटतं. त्या वेळच्या शर्टांच्या डॉग कॉलरची टोकं चार-साडेचार इंच लांब. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालायचं जाड सुती बकरम कोरंच लावलं की पहिल्या धुण्यात कॉलरला फुगे आलेच. सुती दोऱ्याने घट्ट शिवलं की शिवण गोळा होते. कोळशाच्या इस्त्रीतली ठिणगी सुती कापडावर डाग पाडते, टेरिकॉटला भोक. म्हणून इस्त्रीखाली ओलं फडकं, मशीनवर दोऱ्याचा ताण सैल, आणि बकरम रात्रभर पाण्यात. “आधी भिजवा, मग कापा” हे वाक्य दर मेळाव्यात येतं आणि दर वेळी हॉल शांत होतो.

बायकांच्या पेहरावातला बदल मात्र व्यासपीठावर कमी वेळात उरकतात, आणि हे मंडळाने सुधारावं. खरी उलथापालथ तिथे झाली होती. गुळेदगुड्डचा खण आणि नऊवारी हा घरचा नेम होता. मुली कॉलेजात, बायका शाळेत, बँकेत जाऊ लागल्या तशी सहावारी गावोगाव पोचली. नऊवारीला परकर लागत नाही. सहावारीला परकर, मॅचिंग ब्लाउज आणि फॉल तिन्ही लागतात. एका साडीमागे तीन कामं वाढली. परकर दोन मीटरचा, सहा कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा सहा तुकड्यांचा. प्रत्येक कळीची एक बाजू सरळ धाग्याची, दुसरी तिरकी. सरळ बाजू तिरकीलाच जोडायची. दोन तिरक्या एकत्र आल्या की घेर लोंबतो. सुती फॉल न भिजवता नायलॉन साडीला लावला तर काठ आखडतो. इथेही तेच वाक्य. आणि हा घरोघरचा फॉल लावून कित्येक बायकांनी स्वतःचा पैसा पहिल्यांदा हातात धरला, हे त्या टेबलाशी उभं राहून कुणीतरी बाईनेच सांगायला हवं.

२०१९ च्या महापुरात पेठेतल्या दुकानांत पाणी शिरलं, त्यात कपडे बेतायचे खाकी कागदाचे जुने फर्मे गेले. आता ती मापं उरली आहेत ती या थोड्या हातांत. म्हणूनच जेवणानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात ते लागतं. रेडिमेडवाली तरुण मंडळी सत्कार घेऊन निघतात, कटिंगला थांबत नाहीत. मोठा घेर पुन्हा आला की लांब पडलेली पँट तळातून तोकडी करून घ्यायला गिऱ्हाईक त्यांच्याच दारात उभं राहणार आहे.

आभार मात्र पूर्ण मानले पाहिजेत. कापडाचे तुकडे देणारे दुकानदार, टेबल उचलून आणणारी पोरं, दोन पायमशीनं आणून त्यांचा ताण लावून देणारे मेकॅनिक, काजं करणाऱ्या मावशी, फॉल-बीडिंगवाल्या ताई, स्पीकरवाले, आमटी-भाताचे आचारी, वाढपी, ज्येष्ठांना पावसातून आणणारे आणि पोचवणारे रिक्षावाले, चपला सांभाळणारी मुलं, हॉल उघडून देणारे शिपाईमामा. खडू पुरवणारे गेल्या वर्षी आभारांतून राहिले होते. ते इथे पहिल्यांदा धरावेत. आणि सगळे पांगल्यावर लोहचुंबक फिरवून जमिनीवरच्या टाचण्या वेचणाऱ्या त्या दोघी. सोमवारी त्याच फरशीवर लहान मुलं अनवाणी बसतात.