लिव्हरपूल: कापसाच्या गोदीत दोन रात्री

माझे वडील लालबागच्या गिरणीत साचे चालवायचे. कापसाच्या गाठींचे भाव जिथे ठरायचे ते लिव्हरपूल एकदा बघायचंच, हे माझ्या मनात कित्येक वर्षं होतं. यंदा लंडनला मुलीकडे गेलो, तेव्हा जमवलं. युस्टनहून गाडी सव्वादोन तासांत लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनला पोचवते. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त.

हॉटेल निवडताना मात्र चुकलो. शनिवारची रात्र आणि स्टेशनजवळचं स्वस्त हॉटेल, त्यामुळे पहाटे तीनपर्यंत रस्त्यावरचा गलका ऐकत पडून होतो. सकाळी सामान उचललं आणि रॉयल अल्बर्ट डॉकला गेलो. तिथे प्रीमियर इन आणि हॉलिडे इन एक्सप्रेस ही दोन्ही हॉटेलं जुन्या वखारींमध्येच थाटली आहेत. खोली साधीच होती, पण बाहेर पाऊल टाकलं की समोर गोदीचं पाणी! पुढच्या दोन रात्री तिथेच राहिलो.

ही गोदी 1846 साली उघडली. बांधणारा जेसी हार्टली. आत कापूस, चहा, रेशीम, दारू असा पेटणारा माल ठेवायचा म्हणून त्याने इमारतींच्या सांगाड्यात लाकूड वापरलंच नाही. सगळं वीट, दगड आणि ओतीव लोखंड. जहाज धक्क्याला लागलं की माल थेट वखारीत जायचा. धक्क्यावरचे ते जाडजूड लोखंडी खांब जवळून बघा.

मला सर्वात भिडली ती जागा पर्यटकांच्या यादीत फारशी नसते: टाउन हॉलच्या मागचा एक्स्चेंज फ्लॅग्ज हा फरसबंद चौक. कापसाचे दलाल इथे उघड्यावर उभं राहून सौदे करायचे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं नाकेबंदीत अडकली आणि इथल्या व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली. आपल्या आखूड धाग्याच्या कापसाला लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये ‘सुरत’ म्हणून नाकं मुरडायचे, तोच आता सोन्याच्या भावाने जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, बॅक बेचा समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपनीचे शेअर आकाशाला भिडले. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कापसाचा बडा दलाल प्रेमचंद रायचंद याच्यासकट कित्येक पेढ्या बुडाल्या. शाळेत हे वाचलं होतं. त्या फरशीवर उभं राहिल्यावर ते घरचं वाटलं.

टाउन हॉलच्या भिंतीवरच्या नक्षीत आफ्रिकन माणसांचे चेहरे आणि हत्ती कोरलेले आहेत, वर मान करून नक्की बघा. या शहराची श्रीमंती गुलामांच्या व्यापारातून उभी राहिली. 1807 मध्ये ब्रिटिशांनी तो व्यापार बंद केला, तरी गुलामांनी वेचलेला अमेरिकन कापूस पुढे कित्येक दशकं इथे उतरतच होता. हे ठाऊक नसेल तर शहर अर्धंच बघितलं असं मी म्हणेन. गुलामगिरीचं संग्रहालय नूतनीकरणासाठी बंद असल्याने हुकलं. तुम्ही जाण्याआधी चौकशी करा. पियर हेडजवळचं म्युझियम ऑफ लिव्हरपूल विनामूल्य आहे, त्याला अर्धा दिवस द्या.

पैसे थोडे जास्त खर्चायची तयारी असेल तर उत्तरेला स्टॅनली डॉकवरचं टायटॅनिक हॉटेल बघा. तेही वखारीतच आहे, आणि समोर 1901 सालचं तंबाखूचं अवाढव्य गोदाम, तब्बल 2 कोटी 70 लाख विटांचं. (टायटॅनिकची नोंदणी लिव्हरपूलची, पण जहाज इथे कधी आलंच नाही.) एव्हर्टन फुटबॉल क्लबचं नवं स्टेडियम तिथून जवळच आहे. म्हणून बुकिंगआधी एव्हर्टन आणि लिव्हरपूल या दोन्ही क्लबांचे घरच्या मैदानावरचे सामने तपासा. त्या दिवशी खोल्या मिळणं कठीण.

शाकाहारी असाल तर ‘ब्लाइंड स्काउस’ मागा: इथला प्रसिद्ध बटाट्याचा रस्सा, मटणाशिवाय. सोबत लाल कोबीचं लोणचं देतात. मर्सी नदीवरच्या फेरीबोटीत बसताना कानटोपी विसरू नका, नदीवरचा वारा जूनमध्येही बोचतो.