मोजा टाचेपाशी अडला, पण शालीचं जुनं कोडं सुटलं

ठाण्याच्या नौपाड्यातल्या मोजे विणायच्या कार्यशाळेचा तिसरा रविवार झाला. टाच वळवायचा दिवस. मागच्या वेळी लिहिलं होतं तशी धास्ती होतीच, पण टाच पहिल्याच प्रयत्नात वळली! आधी टाचेमागची सपाट विणायची ३२ टाक्यांची पट्टी, ३२ ओळी. मग १८ टाके विणायचे, दोन एकत्र, एक सुलट, पलटा. एक टाका नुसता उचला, ५ उलट, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा पलटा. दर ओळीला जिथे फट दिसते तिथे तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र घ्यायचा. शेवटी सुईवर १८ टाके उरले आणि सपाट पट्टीची वाटी झाली. तीस वर्षं स्वेटर विणतेय, पण असा खोलगट आकार माझ्या हातून कधी झाला नव्हता. तिच्यात अंगठा घालून मी बराच वेळ नुसती बसले होते.

घरी आल्यावर पट्टीच्या दोन्ही कडांचे टाके उचलले, कळी (टाचेच्या बाजूचा त्रिकोणी भाग) अर्धी उतरवली आणि मोजा पायात घालून पाहिला. तो टाचेवरून पुढे सरकेना. जोर लावला तर सुईवरचे टाके सुटतील अशी भीती.

आधी संशय घेतला तो टाके घालण्यावर. पण काठ तर छान ताणत होता. मग वाटलं सुई बारीक पडली. २.५ मिमी ठेवून २.७५ मिमीची, म्हणजे आपली १२ नंबरची घेतली आणि वेगळ्या लोकरीवर २० फेरे विणून पाहिले. थोडा फरक पडला, पण ताण तसाच कमी. मग लोकरीवर राग काढला. ७५ टक्के लोकर, २५ टक्के नायलॉन, मोज्यांसाठी हेच मिश्रण चालतं, तिची काही चूक नव्हती. (ज्यांच्याकडून ऑनलाइन मागवली त्यांनी दोन लडी दोन वेगळ्या रंगघाण्यांतल्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या, पाठवल्या, ते वेगळं. लेबलवरचा लॉट नंबर बघितल्याशिवाय लड उलगडू नका.)

शेवटी टेप काढला. सपाट विणलेल्या नमुन्यात ४ इंचांत ३२ टाके. मोज्याच्या नळीवर, म्हणजे टाचेच्या वरच्या गोल विणलेल्या भागावर, ४ इंचांत ३६. सुई तीच, लोकर तीच, हात तोच. माझ्या तळव्याचा घेर ९ इंच, मोजा जरा ताणून बसावा म्हणून ८ इंच धरून ६४ टाके घातले होते. प्रत्यक्षात नळी भरली जेमतेम ७ इंच. शिवाय काठावर खुणेसाठी लावलेला मार्कर आणि त्याच्या खालची टाक्यांची रांग घोट्याशी येईपर्यंत चांगली बोटभर बाजूला सरकलेली. आणि सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे टाचेची पट्टी मऊ, लवचिक, अगदी नमुन्यासारखी!

चौथ्या रविवारची वाट बघवेना, म्हणून बुधवारी संध्याकाळीच शिकवणाऱ्या मुलीकडे गेले. तिने नळी दोन्ही अंगठ्यांनी आडवी ताणली आणि म्हणाली, "काकू, हे बघा, प्रत्येक टाक्याचे पाय तळाशी एकमेकांवर चढलेत. जरा एक उलट सुई विणून दाखवा."

विणून दाखवली आणि तिथेच उलगडा झाला. उलट टाका घेताना मी दोरा सुईच्या खालून घेते. आई अशीच विणायची, मावशीही. असा टाका सुईवर बसतो तेव्हा त्याचा पुढारी पाय (फासाच्या दोन बाजूंपैकी सुईच्या टोकाजवळची) मागच्या बाजूला असतो, म्हणून पुढच्या सुलट ओळीत आम्ही मागच्या पायातून विणतो. सपाट विणकामात हिशोब चोख जुळतो, पीळ पडत नाही. या पद्धतीला कॉम्बिनेशन निटिंग म्हणतात आणि त्यात चूक काहीही नाही. पण गोल विणताना उलट सुई येतच नाही! सगळे टाके सुलट, सगळ्यांचा पुढारी पाय पुढे, आणि माझा हात सवयीने मागच्या पायात शिरत राहिला. टाका न् टाका पिळला गेला. पिळलेला टाका कमी ताणतो आणि कापड एका बाजूला कलतं. पट्टी सपाट विणली होती, म्हणून ती तेवढी वाचली.

याने माझ्या जाळीच्या शालीचं कोडंही सुटलं. तिच्यावरच्या पानाच्या नक्षीच्या दोन्ही कडा डावीकडेच का झुकतात, असं मी इथे दोनदा विचारलं होतं. दोन एकत्र मी सवयीने मागूनच घेत होते, आणि मागून घेतलेले दोन टाके डावीकडे कलतात. उजवीकडे कलायला हवे असतील तर आधी टाके सुईवर फिरवून घ्यायचे, मग पुढून विणायचे. कालच एक पान विणून पाहिलं. दोन्ही कडा समोरासमोर झुकल्या!

मोजा मात्र उसवावा लागला. नळी आधी विणलेली, टाच नंतर, आणि उसवताना शेवटाकडून यावं लागतं, त्यामुळे टाच वाचवायचा मार्गच नाही. फोटो काढून ठेवला आणि दोरा ओढला. उसवलेली कुरळी लोकर आई खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करायची, तशीच केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवली आणि खाली वाटी अडकवून बाल्कनीत टांगली. ठाण्याच्या दमट हवेत वाळायला दोन दिवस गेले, पण दोरा सरळ झाला.

पुढचा बेत असा होता की उलट टाका घ्यायची पद्धतच बदलायची. एक संध्याकाळ दोरा वरून घेऊन पाहिला, हात अवघडला, टाके सैल पडले. आता ते सोडलं. आईचा हात तसाच ठेवणार. नियम एकच, सुई आत घालण्याआधी पुढारी पाय बघायचा. गोल फेऱ्यांत पुढून आणि पट्टीवर मागून. पट्टी संपून पुन्हा गोल सुरू होते, त्या पहिल्या फेरीत उलट सुईवरून आलेले टाके मागून घ्यायचे, तिथे मार्कर लावून ठेवणार.

आणि लिहिता लिहिता वाटतंय, या वेळी चवड्याकडूनच सुरुवात का करू नये? जूडी बेकर यांचं मॅजिक कास्ट-ऑन (टाके घालायची एक पद्धत) २००६ साली 'निटी' या ऑनलाइन मासिकात आलं, त्याने बंद टोक मिळतं, शिवण लागत नाही. दर दोन इंचांना मोजा पायात घालून बघता येईल. वरचा काठ बंद करायला जेनी स्टायमन यांची २००९ ची ताणणारी पद्धत. पट्टीची टाच उलट्या दिशेने कशी बसवायची ते रविवारी विचारेन, कारण टाचेची ती वाटी मला परत हवीच आहे.

निटप्रो कंपनीची ८० सेंमी केबलची, गोल विणायची लाकडी सुई घेतलीय. घामेजल्या हातात अ‍ॅल्युमिनियमच्या सुईवर लोकर अडत होती, लाकडावर नीट सरकते. आज रात्री पहिल्या फेरीचे टाके घालतेय, टेबलावर दिवा जवळ ओढून, पाय बघत.