पाठदुखीची ट्यूब

आमच्या घरात रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी दुखत असतं. आईचे गुडघे, नवऱ्याची मान, माझी कंबर. त्यामुळे मलमाची ट्यूब औषधांच्या डब्यात कधी नसतेच. ती रिमोटशेजारी, उशीखाली, नाहीतर देवघराच्या कट्ट्यावर सापडते, शेपटाकडून गुंडाळत गुंडाळत आणलेली. अगदीच संपली की आई ती कात्रीने उभी कापते आणि आतलं बोटाने निपटून घेते. एवढा हिशेबीपणा मला जमणार नाही, पण बघायला आवडतो.

मलम चोळून झालं की हात धुवेपर्यंत दुसरं काही करता येत नाही, म्हणून मी ट्यूबवरची अक्षरं वाचते. डायक्लोफेनॅक डायइथिलअमाईन १.१६ टक्के, मेथिल सॅलिसिलेट १० टक्के, मेंथॉल ५ टक्के, जवसाचं तेल ३ टक्के. जवस म्हटलं की मला चटणी आठवते. पहिलं नाव वाचलं की गिधाडं आठवतात.

आता, ह्या ट्यूबने गिधाडं मेली नाहीत, हे आधीच सांगून टाकते. माझ्या कमरेला लावलेलं मलम कुठल्याही पक्ष्याच्या पोटात जात नाही. मेली ती ह्याच औषधाच्या इंजेक्शनने. नव्वदीच्या दशकात ते स्वस्त झालं आणि गुरांना सर्रास टोचलं जाऊ लागलं. ऐन पेरणीत बैल लंगडायला लागला, गाय तापाने बसली, की डॉक्टर यायचे, सुई टोचायचे, आणि जनावर संध्याकाळपर्यंत उठून चारा खायचं. काही जनावरं मात्र मुळातच दुखण्याने खंगलेली असायची, ती दोन दिवसांनी मरायचीच. औषध तोवर त्यांच्या अंगात असायचं.

पुढचं काम गिधाडांचं. मेलेलं ढोर ओढ्यापलीकडे नेऊन टाकलं की कुठून कुठून ती उतरायची. आमच्या मामाचं गाव भोरकडे. लहानपणी तिथल्या ओढ्यापलीकडे जायला मला बंदी होती, त्यामुळे मी तिकडेच जायचे. काकडीच्या वेलाआडून दिसायचं ते दृश्य काही सुंदर नव्हतं. उघड्या माना आतपर्यंत घालून ओढाताण, पंख पसरून एकमेकांना ढकलणं, फिसफिस आवाज. वास तर असा की घरी आल्यावर आजी न विचारताच ओळखायची. पण दुसऱ्या दिवशी तिथे फासळ्यांचा स्वच्छ सापळा उरलेला असायचा.

(ढोर ओढून नेण्याचं काम गावाने एका समाजावर पिढ्यान्‌पिढ्या लादलं होतं, आणि ते सोडा असं बाबासाहेबांना बजावून सांगावं लागलं, हेही इथे सांगायला हवं. गावाची घाण जी जी उचलत होती, त्या सगळ्यांनाच गावाने अभद्र ठरवलं. गिधाड घरावर बसलं तरी आमच्याकडे शांती करायचे.)

गिधाडाचं पोट दणकट. कुजलेलं, रोगाने मेलेलं, सगळं पचवतं. पण डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला झेपत नाही. रक्तातलं यूरिक ॲसिड बाहेर पडायचं थांबतं आणि आतल्या आत साचायला लागतं. अशा गिधाडांची चिरफाड केली तेव्हा काळजावर, यकृतावर, मूत्रपिंडांवर पांढरा थर सापडला, फळ्याखालच्या खडूच्या भुकटीसारखा. मरण्याआधी ती फांदीवर मान खाली टाकून बसायची. भरतपूरच्या अभयारण्यात मुंबईच्या बीएनएचएस ह्या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेचे विभू प्रकाश ह्यांना नव्वदीच्या दशकात अशी पेंगणारी गिधाडं आणि ओस पडलेली घरटी दिसू लागली, तेव्हा कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. एखादा विषाणू असेल असं बरेच दिवस वाटत होतं.

कोडं सुटलं ते पाकिस्तानातल्या पंजाबात. लिंडसे ओक्स हे अमेरिकन पशुवैद्य आणि त्यांचे सहकारी. विषाणू सापडेना, कीटकनाशक सापडेना. मग त्यांनी गुरांच्या डॉक्टरांना आणि औषधांच्या दुकानदारांना जाऊन विचारलं की बाबांनो, मूत्रपिंडाला बाधेल असं तुम्ही जनावरांना काय देता? उत्तर एकच आलं. २००४ साली ते छापून आलं. मला ह्या शोधातली ही पायपीट फार आवडते. प्रयोगशाळेत अडलेलं उत्तर दुकानाच्या फळीवर होतं.

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के संपली. म्हणजे हजारात एक उरलं. लांब चोचीची ९७ टक्के गेली. त्यासाठी प्रत्येक ढोर विषारी असायचीही गरज नव्हती. शंभरात एकाहूनही कमी ढोरांत ते औषध असलं तरी पुरे होतं, कारण एका ढोरावर पंगतच बसते. शिवाय गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. भर पडणार कुठून?

मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत प्रेतं गिधाडांसाठी ठेवणाऱ्या पारशी मंडळींना आता त्यांचं काय करायचं हा प्रश्न पडला आणि तिथे सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले. गावोगावी ढोरं तशीच सडू लागली आणि त्यांच्यावर कुत्री माजली. गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ ह्या काळात देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली, असा अंदाज एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन ह्या अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये मांडला. सडलेल्या ढोरांनी नासलेलं पाणी आणि पिसाळलेली कुत्री, ही त्यामागची कारणं.

आणि ह्यात खलनायक शोधायला गेलं तर सापडत नाही, हे मला सगळ्यात अवघड वाटतं. वाघाच्या गोष्टीत शिकारी असतो, कातडी विकणारा असतो. इथे बैलाचं दुखणं बघवत नाही म्हणून रात्री कंदील घेऊन डॉक्टरला बोलवायला जाणारा माझा मामा आहे.

सरकारने २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद केलं. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलिलिटरची केली. बैलाला ३ मिलिलिटरने काय होणार! दरम्यान ॲसिक्लोफेनॅक हे दुसरं दुखण्याचं औषध आलं. तेही गाईच्या अंगात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनतं. केटोप्रोफेन ह्या आणखी एका दुखण्याच्या औषधासोबत त्यावर २०२३ मध्ये गुरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारं औषध तर केव्हापासून बाजारात आहे. २०२४ मध्ये पेंच आणि ताडोब्यात हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं आणून सोडली. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची काही टिकून आहेत. रायगडात म्हसळा-श्रीवर्धनकडे पांढऱ्या पाठीची आहेत. त्यांच्यासाठी मेलेली गुरं एका ठरावीक जागी आणून टाकतात. ह्या जागेला ‘गिधाड उपाहारगृह’ म्हणतात, आणि हे नाव ठेवणाऱ्याला विनोदाची चांगलीच जाण असणार.

गेल्या दिवाळीत मामाकडे गेले तेव्हा हे सगळं त्याला उत्साहाने सांगितलं. म्हटलं, मामा, कोण जाणे, आपल्या ओढ्यावरही येतील परत. मामा ओट्यावर बसून गुडघ्याला मलम चोळत होता. आमच्याकडच्यासारखीच ट्यूब, तशीच गुंडाळलेली.

“येतील की,” तो म्हणाला, “पर आगं, खातील काय? बैल ऱ्हायलेत कुटं आता? आख्ख्या आळीत दोन जोड्या. बाकी समदे ट्रॅक्टर.”

मग गोठ्याकडे हात करून मामी म्हणाली, “आन् आमच्या म्हशीला तर तो येवढासा डॉक्टर काय टोचतो ते आमी कवा इचारलंय?”

मी मेलॉक्सिकॅम हे नाव वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. मामीने ते फ्रिजला लावलं, गॅसवाल्याच्या नंबराशेजारी.